पाणी कमी होत गेलं

बाटलीतलं पाणी चाळीसच्या रेघेला टेकलं आणि थांबलं. रंग फिकट चहासारखा, काठाला फेसाची बारीक कड. नीवेसनं बाटली टेबलावर सपाट ठेवली, गुडघे वाकवून डोळे रेघेच्या पातळीला आणले आणि दोन मिनिटं वाट पाहिली, कारण नळीतलं शेवटचं पाणी कधीकधी सावकाश उतरतं. आज काही उतरलं नाही. चाळीस मिलिलिटर.

सप्टेंबरात नवऱ्याच्या, एवाझिओच्या, छातीत बसवलेल्या नळीतून ती एका वेळी सहाशे काढत असे. ऑक्टोबरच्या मध्याला साडेतीनशे, मग दोनशे, मग शंभर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी, बुधवारी आणि शनिवारी तिनं पेन्सिलीनं आकडा लिहून ठेवला होता. चाळीस वर्षं तिनं गावातल्या लोकांचे शर्ट बेतले होते, कोट उसवून पुन्हा शिवले होते. मापावर तिचा विश्वास होता आणि माप सांगत होतं की पाणी आटत चाललंय.

“चाळीस,” ती म्हणाली.

एवाझिओ पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावत होता. दोन बटणं झाली की त्याला थांबावं लागे. “मीटर तपासून घे,” तो म्हणाला. त्यानं सारा जन्म इलेक्ट्रिशियनचं काम केलं होतं.

“मीटर ठीक आहे. आधीचं औषध अजून लागू पडतंय.”

“बघू.”

गेले तीन आठवडे तो एवढंच म्हणत होता. आजार कळला तेव्हापासून दोन औषधं झाली होती. पहिल्यानं अकरा महिने साथ दिली, दुसऱ्यानं दोन. आता तोरिनोच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तिसरं सुचवलं होतं. दर गुरुवारी शिरेतून द्यायचं, त्यासाठी नव्वद किलोमीटर जायचं, नव्वद यायचं आणि पुढचे तीन दिवस उलट्या काढायच्या. डॉक्टर आडवळणानं बोलले नव्हते. दहातल्या एखाद्याचा आजार थोडे दिवस थोपून राहतो, बरा कुणाचाच होत नाही. नको म्हणालात तरी कुणी नावं ठेवणार नाही. घरी बोलून ठरवा. ते अजून सुरूच झालं नव्हतं. एकदा ताप आला म्हणून गुरुवार टळला, एकदा रक्तातल्या पेशी कमी निघाल्या म्हणून. आता आज दुपारी बारापर्यंत फोन करून हो किंवा नाही कळवायचं होतं. घरी बोलणं मात्र झालंच नव्हतं. नीवेस बॅग भरायची आणि एवाझिओ ‘बघू’ म्हणायचा.

या बुधवारीही बॅग दाराशी तयार होती. टॉवेल, पायमोजे, रिपोर्टांची फाइल.

साडेनऊला अंगण ओलांडून शेजारची पिनुच्चा आली. हातात भोपळ्याच्या सुपाचं भांडं. पिनुच्चाला शहात्तर पूर्ण झाली होती. तिच्या नवऱ्याला, तेरेसिओला, जाऊन तेरा वर्षं झाली होती. सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणारा गावातला कारखाना बंद पडून त्याहून कितीतरी जास्त. पण लोक जातच होते. त्या सिमेंटमधले ॲस्बेस्टॉसचे तंतू छातीत शिरले की तीस वर्षं, चाळीस वर्षं गप्प बसतात. गावात आजाराचं नाव कुणी घेत नसे. कुणाला तो झाल्याचं कळलं की बेकरीत नाहीतर चर्चच्या पायऱ्यांवर छातीची बाजू तेवढी विचारत, उजवी की डावी? उत्तर मिळालं की समोरचा मान हलवायचा आणि आपला पाव घेऊन चालू लागायचा. एवाझिओच्या आईची डावी होती. तेरेसिओची डावी. शाळेतल्या गणिताच्या बाईंची उजवी, आणि त्या तर कारखान्याच्या दारातही कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

“काय म्हणतेय उजवी?” पिनुच्चानं विचारलं. एखाद्या भांडखोर नणंदेची चौकशी करावी तसं.

“रुसलीय,” एवाझिओ म्हणाला. “पाणीसुद्धा विचारत नाही.”

“तुला कोण विचारणार? दाढी कर आधी. पाद्रीबाबा आले तर त्यांना वाटेल, उशीर झाला.”

“त्यांना सांग, रांगेत उभे राहा. आधी नीवेसची परवानगी लागते.”

“चाळीस आलं आज,” नीवेस म्हणाली. आवाजातला आनंद तिला लपवता आला नाही. “सप्टेंबरात सहाशे होतं.”

पिनुच्चानं भांड्याचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. “झाकण नीट बसत नाही याचं,” ती म्हणाली. “गरम असतानाच प्या. मिरपूड घातली नाहीये.”

ही बाई शब्द कमी पडणाऱ्यांतली नव्हती. नीवेस तिच्यामागोमाग दारापर्यंत गेली. अंगणात धुकं होतं, समोरच्या भिंतीवरची वेल अर्धीच दिसत होती.

“डॉक्टरबाई येणार आहेत ना आज?” पिनुच्चा हळू आवाजात म्हणाली. “त्यांना चाळीस सांग. आधी तेच सांग.”

“का गं?”

“सांग म्हणते ना.”

“तेरेसिओचंही कमी झालं होतं का?”

“तीसवर आलं होतं.”

“मग?”

पिनुच्चानं शाल खांद्यावर ओढून घेतली. “मग मी केक केला होता. हेझलनटचा. डॉक्टरांसाठीसुद्धा एक तुकडा झाकून ठेवला होता.”

एवढं बोलून ती गेली.

नीवेस आत आली. सूप वाटीत काढलं, चमचा ठेवला. एवाझिओनं चार चमचे घेतले आणि वाटी सरकवली. तिनं ‘अजून दोन’ म्हणून आग्रह केला नाही. हे तिचं तिलाच जाणवलं.

डॉक्टर गालेझिओ दहा वाजून दहा मिनिटांनी आल्या. वय चाळिशीचं, पाठीवर सॅक, बुटांना चिखल. गावातल्या ज्या रुग्णांना इस्पितळात नेण्यात अर्थ उरलेला नसतो त्यांच्या घरी जाणं हे त्यांचं काम. नीवेस त्यांना अजून ‘औषधाची मात्रा बघायला येणाऱ्या’ असंच म्हणत असे.

त्यांनी एवाझिओला पुढं वाकून बसायला सांगितलं आणि पाठीवर डाव्या हाताचं बोट ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटानं टकटक केली. डावीकडे पोकळ आवाज आला. उजवीकडे भरलेल्या पेटीवर वाजवल्यासारखा बद्द, वरपासून खालपर्यंत. मग हातात मावणारं सोनोग्राफीचं यंत्र फिरवून पाहिलं.

“चाळीस मिली आलं सकाळी,” नीवेस म्हणाली. “म्हणजे आत अजून साठलंय का? नळी तुंबली असेल तर—”

“नळी ठीक आहे. आत पाणीच फारसं नाही.”

“मग चांगलं आहे ना?”

डॉक्टर गालेझिओंनी यंत्र पुसून ठेवलं. “नीवेसबाई, तुम्ही शिवणकाम करायचात ना?”

“अजून करते. झिपा तर सगळ्यांच्या तुटतात.”

“फुप्फुसाला बाहेरून एक पातळ पडदा असतो. छातीला आतून दुसरा. अस्तरासारखे. दोघांत एवढीशी फट असते, म्हणून श्वास घेताना फुप्फुस छातीला न घासता हलतं. हा आजार त्या अस्तराचा आहे. सुरुवातीला अस्तर पाझरतं आणि फटीत पाणी साठतं. ते तुम्ही काढत होतात. पुढं अस्तर जाड होत जातं, बोटभर जाड. दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात. फट बुजली की पाण्याला जागाच राहत नाही.”

कॉलरच्या आत घालायचा कडक कपडा न भिजवता शिवला तर पहिल्या धुण्यातच तो आटतो आणि वरचं चांगलं कापड सुरकुत्या पाडून आत ओढतो, हे नीवेसला सतराव्या वर्षापासून ठाऊक होतं. असा कोट पुन्हा सरळ होत नाही.

“उजवा खांदा दोन सेंटिमीटर खाली आलाय,” ती अखेर म्हणाली. “मी गेल्या महिन्यात शर्ट आत घेतले त्याचे. मला वाटलं, वजन उतरलंय म्हणून.”

“वजनही उतरलंय. पण तुम्ही मोजलंत ते हेच. ती बाजू आकसतेय.”

“म्हणजे पाणी कमी झालं ते औषधानं नाही.”

“नाही.”

“आणि म्हणून दम जास्त लागतो. पाणी कमी होऊनही.”

“हो.”

एवाझिओ इतका वेळ जमिनीकडे पाहत होता. आता त्यानं वर पाहिलं. “स्कॅन काय म्हणतो?” त्यानं विचारलं. “शुक्रवारचा.”

“सगळं सांगू?”

“मला सांगा. तिला नको असेल तर ती सूप गरम करेल.”

“सूप गरमच आहे,” नीवेस म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

डॉक्टर गालेझिओंनी पावाच्या कागदी पिशवीवर पेननं छातीची आकृती काढली. रेघा सरळ होत्या, घाई नव्हती. उजवीकडे सगळीकडे जाड कड. ती कड खाली श्वासपटलातून पलीकडे पोटाच्या आवरणात उतरली होती. जेवण चार चमच्यांवर आलं ते त्यामुळे. आणि डावीकडच्या पडद्यावर दोन ठिकाणी लहान गाठी. “आजार एका बाजूला आहे तोवर आम्ही पहिली, दुसरी, तिसरी स्टेज असं म्हणतो, किती खोल गेलाय त्यावरून. दुसऱ्या बाजूला गेला की चौथी. त्यापुढं आकडा नाही.”

“म्हणजे पिनुच्चानं विचारलं की काय सांगायचं?” एवाझिओ म्हणाला. “उजवी की डावी?”

“दोन्ही.”

“तशी पद्धत नाही आमच्याकडे. ती गोंधळून जाईल बिचारी.” तो हसला. हसण्याचा खोकला झाला आणि खोकला ओसरायला वेळ लागला. नीवेसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. चोळला नाही, चोळलेलं दुखायचं. नुसता ठेवला.

“यापुढं काय होतं ते सांगा,” ती डॉक्टरांना म्हणाली. “क्रमानं सांगा.”

“क्रम दर वेळी तोच नसतो. झोप वाढते. खाणं आणखी कमी होतं, आणि तेव्हा भरवायचा आग्रह करायचा नाही. शरीरच नको म्हणत असतं. आवाज बसू शकतो. दुखणं वाढलं तर मॉर्फिनची मात्रा वाढवू. दम लागतो त्यावरही मॉर्फिनच, अगदी थोडं. श्वास तेवढाच राहतो, पण हवा पुरत नाही ही घाबरगुंडी कमी होते. सगळ्यांना गुदमरण्याची भीती असते. तसं होऊ द्यायचं नाही, त्यासाठी मी आहे. शेवटी बहुतेक लोक झोपेतच असतात.”

“किती दिवस?”

“आठवड्यांत मोजायचं. नाताळ होईल असं वाटतं. त्यापुढचं मी सांगू शकत नाही.”

“आणि उद्याचं औषध?”

“तोरिनोच्या डॉक्टरांशी काल बोलले. तुम्हाला हवं असेल तर ते देतील. अंगाला ते पेलेल असं त्यांनाही वाटत नाही, मलाही नाही. पण ठरवायचं मी नाही.” त्यांनी सॅक खांद्याला लावली. “बारापर्यंत कळवायचंय ना? नको म्हणालात तर मी आठवड्यातून दोनदा येईन. हवं म्हणालात तरी येईन.”

त्या गेल्या तेव्हा अकराला वीस मिनिटं होती.

नीवेसनं बाटलीतलं पाणी संडासात ओतलं, बाटली वेगळ्या पिशवीत बांधली, हात धुतले. कॅलेंडरसमोर पेन्सिल घेऊन उभी राहिली. चाळीस लिहिलं. मग भांडी विसळली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. खोलीत परत आली तेव्हा एवाझिओ उशांना टेकून खिडकीकडे बघत होता. धुकं थोडं वर उचललं होतं.

“उद्या सातला निघू,” ती म्हणाली. “धुक्यात हळू चालवावं लागेल.”

“बघू.”

ती उभीच राहिली. मग बसली. दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे तिची पाठ होती.

“माळ्यावरची भुकटी मी मागितली होती,” ती म्हणाली.

एवाझिओनं मान वळवली.

“एकोणऐंशी साली. जानेवारीत. मी म्हणाले होते, गादीत पडल्या पडल्या तोंडातून वाफ निघते, ही काय खोली आहे. म्हणाले होते, माझ्या माहेरी माळ्यावर भुकटी पसरलीय, उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊब. तुला त्याचं काही नव्हतं. तू तर दोन स्वेटर घालून झोपायचास.”

पाइपांची टोकं घासताना पडणारी ती पांढरी भुकटी कारखान्याच्या फाटकावर ज्याला हवी त्याला मिळत असे. लोक हातगाडी घेऊन जायचे. गावातले निम्मे माळे भुकटीनं भरलेले होते, अंगणं तिनंच थापलेली होती, कोंबड्यांची खुराडीसुद्धा. अठरा वर्षांपूर्वी पांढरे पोशाख आणि मुखवटे घातलेल्या माणसांनी येऊन यांच्या माळ्यावरची सगळी काढून नेली, आणि नीवेस अंगणात उभी राहून पोती मोजत राहिली होती.

“चौदा पोती,” ती म्हणाली. “तू वर चढवलीस आणि खाली सांडलेलं मी झाडलं. दोन वर्षांनी आपल्या मार्त्सियाचा पाळणा त्याच छताखाली बांधला.”

“म्हणून तू मला दर गुरुवारी गाडीत घालायला निघतेस?”

ती एप्रनच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिली.

“नीवेस.”

“भुकटीही मीच आणायला लावली, आणि आता थांबही मीच म्हणाले तर—”

एवाझिओनं उशी मागं सरकवायला खूण केली. तिनं सरकवली. तो थोडा सरळ बसला, दोनतीन श्वास जमवले.

“आमच्या अंगणात गोळे टाकत बोचे खेळायचो आम्ही,” तो म्हणाला. “ते मैदान कशाचं होतं? आईचा कारखान्यातला एप्रन कोण झटकायचं? मी. चार वर्षांचा होतो. मजा वाटायची, ढग उडायचा.” त्यानं थांबून श्वास घेतला. “आणि वायरी टाकायला मी किती माळ्यांवर रांगलोय, ते तरी मोजलंस का? झाडू तू मारलास म्हणतेस. मग तुला का नाही झालं?”

“माहीत नाही.”

“डॉक्टरलाही माहीत नाही. विचारलं होतं मी तोरिनोत. कुठल्या धुळीनं झालं ते सांगता येत नाही म्हणाला.”

“कधी विचारलंस?”

“तू गाडी लावायला गेली होतीस. तुझी गाडी लावणं म्हणजे पाऊण तास.”

“जागा मिळत नाही तिथं,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि नाकातून पाणी येत होतं. तिनं एप्रनच्या टोकानं पुसलं.

“मला ठाऊक होतं तुझ्या मनात भुकटी आहे,” तो म्हणाला. “ते पोशाखवाले आले तेव्हापासून. मी काही ठरवलं की तुला वाटणार, तुझ्यावर आलं. म्हणून नुसतं ‘बघू’...” वाक्य संपवायला हवा पुरली नाही. त्यानं हातानंच उरलेलं वाक्य बाजूला सारलं.

नीवेस उठली. स्वयंपाकघरातल्या घड्याळात पावणेबारा होत आले होते. तिनं टेबलावरचा फोन आणला, रिपोर्टांच्या फाइलीतून इस्पितळाचा नंबर असलेला कागद काढला आणि दोन्ही चादरीवर ठेवलं. खुर्ची पलंगाला इतकी जवळ घेतली की तिचे गुडघे गादीला टेकले.

“आत्तापर्यंत मी विचारलंच नाही तुला,” ती म्हणाली. “मी फक्त बॅग भरत गेले. आता विचारते. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नकोस, मार्त्सियासाठी नको, त्या डॉक्टरसाठीही नको. मार्त्सिया संध्याकाळी फोन करेल, तिला मी सांगेन जे असेल ते.”

“रडेल ती.”

“रडू दे. तुला जायचंय का, एवाझिओ?”

त्यानं डोळे मिटून श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. ती घाई न करता थांबली. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“नाही,” तो म्हणाला. “उद्या मी जाणार नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. औषध बंद. मी इथंच राहणार, घरी.”